पर डे आबासाहेब

त्यांचं खरं नाव सांगून काही उपयोग नाही. ते आता फक्त विजेच्या बिलावर आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या जुन्या प्रमाणपत्रांवर उरलंय. घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरची भाजीवाली, स्टँडवरचे रिक्षावाले, सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. मीसुद्धा. वास्तविक कॉलेजात आम्ही एकाच एकांकिकेत होतो आणि अरे-तुरेतले होतो. तो राजा होता, मी पडदा ओढत होतो. पण रोज रात्री आठ वाजता चांदीच्या मुठीची काठी टेकत जिना उतरणाऱ्या माणसाला ‘काय रे’ म्हणायला जीभ धजत नाही.

मालिकेत ते एका वाड्याचे मालक. तीन मुलं आणि चार सुना. मधल्याची दोन लग्नं झाली आहेत. त्यातलं एक खोटं होतं असं मधेच कळलं, कुठलं ते लेखकाला अजून ठरवायचं होतं. आबासाहेबांनी ही मालिका घेतली तेव्हा मला दादरला चहा पाजला होता. ‘फक्त सहा महिने,’ म्हणाले होते. ‘फ्लॅटचं डाऊन पेमेंट सुटलं की बाहेर.’ फ्लॅट झाला, मग त्याचे हप्ते सुरू झाले. मग मुलीचं इंजिनीअरिंग, मग गाडी, कारण पहाटे सेटवर जायला रिक्षा मिळत नाही. सहा महिने अजून चालू आहेत.

‘रंगभूमी सोडलीस का?’ असं मात्र त्यांना विचारायची सोय नाही. ‘सोडली नाही. थांबलोय,’ एवढं ठणकावून ते गप्प होतात. मालिका वाईट असते, असंही ते कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘माध्यम वेगळं आहे.’ हे वाक्य मराठी नटाच्या तोंडी आलं की समजावं, चेक वटलाय. फारच कुणी खोदून विचारलं तर ते थेट बालगंधर्वांना पुढे करतात. ‘१९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या “धर्मात्मा”त एकनाथ झाले. त्यांना कोणी विचारलं?’ बालगंधर्वांना तो कॅमेरा मानवला नाही आणि ते पुन्हा आपल्या रंगभूमीवर परतले, हा गोष्टीचा उत्तरार्ध आबासाहेबांच्या आवृत्तीत नसतो.

तरी त्यांची बाजू मला पटते, कारण नाटकाचा हिशेब मी त्यांच्याच घरी बसून पाहिलाय. मराठी नाटक हा शनिवार-रविवारचा धंदा. त्यातून परीक्षांचा महिना वजा करा, आयपीएल वजा करा, पंधरा ऑगस्टला जोडून येणारे आणि अख्खी मुंबई लोणावळ्याला नेणारे ते रविवार वजा करा. निवडणुकीत एखादं नाट्यगृह सरकारी कामाला गेलं तर तेही वजा. उरलेल्या दिवशी प्रयोग झाला तर विंगेत पाकीट, नाही झाला तर नमस्कार. तालमीच्या महिन्याभराचं मानधन चहा आणि वडापाव. दौरा लागला तर मुंबईहून रात्रभर बस, सकाळी सांगली, संध्याकाळी प्रयोग आणि सेट उतरवला की पुन्हा बस. एका जुलैमध्ये पावसाने आणि नायिकेच्या काविळीने मिळून त्यांचे सगळे प्रयोग खाल्ले. त्या महिन्यात वहिनींनी दोन शिकवण्या वाढवल्या, आणि आबासाहेब भूमिकेवर चिंतन करत घरी बसले.

मग पूर्वीचे नट कसे जगले? मला विचाराल तर संस्थानिक गेल्यावर मराठी रंगभूमीला पोसलं ते बँकांनी, बेस्टने, एलआयसीने आणि मंत्रालयाने. आपला लाडका नट सकाळी काउंटरवर नोटा मोजत असे आणि रात्री औरंगजेब होत असे. साहेब नाटकवेडा असला तर तालमीची रजा आजारपणात मांडून मोकळा व्हायचा. आंतरबँक एकांकिका व्हायच्या, कामगार कल्याणच्या स्पर्धा व्हायच्या, आणि नाटक पडलं तरी एक तारखेला पगार उभा असायचा. ज्यांनी नोकरी केली नाही त्यांच्याकडे दुसरं काही होतं. डॉ. लागू नाक-कान-घशाचे सर्जन, डॉ. घाणेकर दातांचे, पोटाची सोय दोघांनीही शेजारच्याच अवयवांवर करून ठेवली होती. म्हणजे आपण ज्याला नाट्यवेड म्हणून ओवाळतो, त्याच्यामागे कुणाचं तरी मस्टर होतं. पुढे कारकुनाची खुर्ची कॉम्प्युटरने घेतली, उरलेली कंत्राटी झाली, आणि कंत्राटी माणसाला साडेपाचला तालमीला कोणी सोडत नाही. आबासाहेबांच्या पिढीला ते मस्टर मिळालंच नाही.

त्यांना मिळाली मालिका. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हा नट वरळीला जाऊन एखादं नाटुकलं करून यायचे आणि संध्याकाळी प्रयोगाला हजर असायचे. रंगभूमीला त्याचा ओरखडाही उठला नाही. १९९९ मध्ये अल्फा ही वाहिनी आली, पाठोपाठ ईटीव्ही, आणि रोज एक भाग दळायची चक्की सुरू झाली. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग केले. तीन हजार भाग म्हणजे किती नटांचे किती हप्ते, याचा हिशेब एखाद्या गृहकर्ज अधिकाऱ्यानेच मांडावा. करारात पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन, आणि महिन्याचे किमान दिवस लिहिलेले असतात. तेवढे दिवस काम निघो न निघो, पैसे धरलेले. बँकेच्या नोकरीत आणि यात फरक एवढाच की बँक साडेपाचला सोडायची. इथे शिफ्ट बारा तासांची, आणि बारा हा आकडा घड्याळात दोनदा येतो असं प्रॉडक्शनवाले समजून चालतात.

फ्लॅटसाठी पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा अर्जात नोकरी, व्यवसाय, शेती आणि इतर एवढे रकाने होते. आबासाहेब ‘इतर’मध्ये बसले आणि इतरांना कर्ज मिळत नव्हतं. मालिका सुरू झाल्यावर पुन्हा गेले तर शाखाधिकारी केबिनमधून उठून बाहेर आले, फोटो काढून घेतला आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘आईने निरोप दिलाय. वाडा थोरल्याच्या नावावर करू नका.’

एकदा मी त्यांच्या सेटवर गेलो. वाडा म्हणजे बाहेरून पत्र्याची शेड. आत दिवाणखाना मात्र असा की पाहुण्याने चपला काढाव्यात. पडद्यावर आबासाहेब ज्या जिन्याने खाली येतात तो जिना वर कुठेच जात नाही. वर प्लायवुडचा एक चौथरा आहे, त्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची आणि घरघरणारा पंखा. ‘ही माझी बेडरूम,’ आबासाहेब म्हणाले आणि क्यूची वाट पाहत खुर्चीत बसले. क्यू आला. ते उठले, पाठ ताठ केली आणि पायरीवर पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबले. तो थांबा पाहून मला कॉलेजातला राजा आठवला. मग त्यांनी वाक्य टाकलं: ‘या वाड्याचा उंबरठा...’

‘सर, आवाज थोडा खाली,’ साऊंडवाला म्हणाला.

नंतर चहा घेताना म्हणाले, ‘शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी मी तीस वर्षं आवाज कमावला. आता शेवटची रांग माझ्या बंडीत आहे.’ आणि बंडीच्या आत टाचलेला माइक दाखवला.

जेवणानंतर धाकट्या सुनेबरोबरचा प्रसंग होता. ती मुलगी मोठी गुणी, पण तिची शिफ्ट संपली होती आणि तिचे क्लोज आधीच घेऊन तिला सोडलं होतं. तेव्हा आबासाहेबांसमोर लाइटचा एक स्टँड आणून ठेवला आणि त्याच्यावर सून जेवढी उंच आहे तेवढ्या उंचीला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला. ती सून. संवाद द्यायला एक दाढीवाला असिस्टंट, हातात कागद. तो एका सुरात वाचू लागला, ‘आबा, मी आई होणार आहे. रडते. पण ह्यांना इतक्यात सांगू नका. पदराने डोळे पुसते.’ कंसातलंही त्याने काही सोडलं नाही. आबासाहेब त्या टेपकडे पाहत होते. मी मॉनिटरवर बघत होतो: त्यांची खालची पापणी हळूहळू भरत गेली, थेंब ओघळायच्या बेताला आला आणि तिथेच त्यांनी तो धरून ठेवला. पाणी आणि नट दोघेही थबकले. माझ्या घशात आवंढा आला. लाइटवाला मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

‘ओके. आबा, हेच जरा टाइटमध्ये घेऊ,’ दिग्दर्शक म्हणाला. पुन्हा तीच टेप, तीच दाढी, पुन्हा पापणी भरली.

परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, ‘पॉज जास्त झाला का रे?’ विचारायला त्यांना दुसरं कोणी नव्हतं. नाटकात पंचविसाव्या प्रयोगाला एखादा पॉज सापडतो, पन्नासाव्याला तो कमी करायचं धाडस होतं, आणि शंभराव्याला कळतं की तो तिथे नकोच होता. मालिकेत जे झालं ते झालं. उद्या नवा भाग, नवी सून, नवी टेप.

भूमिकेचा अभ्यास करायची खोड त्यांना अजून आहे. सुरुवातीला त्यांनी लेखकाला गाठून विचारलं होतं, ‘या प्रसंगात मी रडतो, तो आनंदाने की संशयाने?’ लेखक चोवीस-पंचवीस वर्षांचा, डोळे तारवटलेले. तो म्हणाला, ‘आबा, दोन्ही घेऊन ठेवू. गुरुवारी ठरवू.’ गुरुवारी टीआरपी येतो. नाटकवाल्याचा शुक्रवार बुकिंगच्या धास्तीत जातो, मालिकेतल्या माणसाचा गुरुवार. त्या दिवशी सेटवर कुणी मोठ्याने हसत नाही. आकडा पडला की चॅनेलचा फोन येतो, आणि संध्याकाळपर्यंत वाड्यातलं कुणीतरी आजारी पडतं.

आबासाहेबांना आजारपण चालतं. किंबहुना कोमा हा त्यांचा सर्वांत आवडता ट्रॅक. एसी खोली, पलंग, पाठांतर नाही, सगळ्या सुना पायाशी येऊन आपापली पापं कबूल करतात आणि पर डे तेवढाच. कोमात असताना त्यांनी डोळे मिटून एका जुन्या संगीत नाटकाची अख्खी संहिता मनात उजळली, असं ते सांगतात. वहिनी म्हणतात, घोरत होते, म्हणून तो शॉट तीनदा घ्यावा लागला. भीती आहे ती फोटोची. मालिकेतून वजा झालेल्या पात्राचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात लागतो आणि त्याच्याकडे बघून बाकीचे महिनोन्‌महिने रडतात. हार घातलेल्या फोटोला मानधन नसतं. कला विभागातला मुलगा सहज म्हणून जरी म्हणाला, ‘आबा, तुमचा एक चांगला पासपोर्ट हवा होता,’ तरी आबासाहेबांचं बीपी वाढतं.

पैसे नव्वद दिवसांनी येतात. जानेवारीत रडलेलं एप्रिलमध्ये जमा होतं. म्हणून सोडायचं कितीही मनात आलं तरी मागचे तीन महिने कायम अडकलेले असतात, आणि ते सुटेपर्यंत पुढचे तीन तयार होतात.

२०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद पडली, आणि परत उघडायला २०२१चा २२ ऑक्टोबर उजाडला, तोही निम्म्याच खुर्च्यांवर. मालिकांचं शूटिंग मात्र २०२०च्या जूनअखेरीसच सुरू झालं होतं. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात बंदी आली तेव्हा मालिका बाडबिस्तरा उचलून गोव्याला गेल्या, गोव्याने काढल्यावर सिल्वासा-दमणला. आबासाहेबांचा अख्खा वाडा कुलदैवताच्या दर्शनाला गेला आणि महिनाभर तिथेच राहिला. देवी कोकणातली, नारळ गोव्यातले आणि आरती सिल्वासात झाली. त्याच दिवसांत आमच्या बरोबरीचा एक जण, आबासाहेबांहून कसलेला नट, ज्याने मालिका करणार नाही म्हणून पण केला होता, तो घरोघर मसाल्याची पाकिटं पोचवत होता. आबासाहेबांनी त्याच्याकडून दर महिन्याला पाच किलो गरम मसाला घेतला. दोन माणसांच्या घरात. त्याविषयी ते काही बोलत नाहीत, आणि त्यांच्याकडच्या वरणालासुद्धा पुढे वर्षभर तोच वास होता.

आता गंमत पाहा. ज्या निर्मात्याने एकेकाळी त्यांना ‘तुम्ही उत्तमच आहात हो, पण चेहरा नाही’ असं सांगून कटवलं होतं, तोच पेढे घेऊन घरी आला. चेहरा तोच होता, फक्त रोज रात्री आठला दिसत होता. नाटकाची जाहिरात आली. त्यात नाटकाचं नाव मध्यम टायपात, लेखकाचं भिंगातून वाचण्याजोगं, आणि वर ठसठशीत: ‘तुमचे लाडके आबासाहेब प्रथमच रंगमंचावर!’ प्रथमच! आबासाहेबांनी जाहिरात दोनदा वाचली, चष्मा काढला आणि निर्मात्याला फोन लावला. ‘प्रथमच’ काढून ‘पुन्हा’ घाला म्हणाले. निर्माता म्हणाला, ‘पुन्हा म्हटलं की लोकांना वाटतं, नाटक जुनं आहे.’

नाटकातली भूमिका दाढी-मिशी तुळतुळीत काढलेल्या निवृत्त न्यायमूर्तींची. पण कंटिन्युटीसाठी मिशा काढायला चॅनेलची परवानगी नव्हती. शेवटी न्यायमूर्तींना मिशा फुटल्या, आणि लेखकाने पहिल्या अंकात त्यांच्या बायकोच्या तोंडी त्याविषयी दोन वाक्यं घातली. हशा तिथेच सर्वांत मोठा येत असे.

शुभारंभाचा प्रयोग ठाण्याला, गडकरीत, रविवारी साडेचारला. सकाळची शिफ्ट उरकून आबासाहेब दोनला निघाले आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये सापडले. तिसरी घंटा वीस मिनिटं लांबली. आले ते तसेच मेकअपमध्ये, नुसता कोट बदलला, नटराजाला नमस्कार केला आणि एन्ट्री घेतली. तोंड उघडायच्या आत टाळ्या. आयुष्यभर त्यांनी टाळी वाक्यावर घेतली होती. दुसऱ्या अंकापर्यंत पेरत जायचं आणि मग कापायचं. ही फुकटची टाळी कशी घ्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते उभे राहिले. टाळ्या थांबल्या. पहिलं वाक्य गेलं होतं. विंगेतून प्रॉम्प्टरने दिलं, त्यांनी उचललं, आणि बोलले ते बंडीतल्या माइकशी बोलावं तसं.

बाल्कनीतून खणखणीत हाक आली, ‘आवाज!’

त्या एका हाकेने न्यायमूर्ती जागे झाले. उरलेला अंक त्यांनी असा काही वाजवला की मी आणि शेजारचे आजोबा दोघेही पुढे सरकून बसलो. मध्यंतरात मेकअप रूमबाहेर सेल्फीसाठी रांग होती. एक बाई त्यांना कळकळीने सांगत होत्या, ‘तुम्ही इथे आलात, पण तिकडे वाड्यावर मधलीचा डाव चाललाय.’ नाटकाबद्दल कोणी काही विचारलं नाही. आजोबा वडा संपवून मला म्हणाले, ‘हा पूर्वी नाटकात होता वाटतं.’

नाटकाचे प्रयोग आबासाहेबांच्या सुट्ट्या मिळतील तसे होत होत आटले. चॅनेल रविवार देईना, निर्माता मधला वार घेईना. पुढे एका गुरुवारी मालिकेचाही आकडा फारच पडला आणि ‘पंधरा दिवसांत गुंडाळा’ असा हुकूम आला. सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा केली, खोटं लग्न पहिलं होतं असं ठरलं, आणि वाड्याची प्लायवुडची भिंत दुसऱ्या मालिकेच्या हॉस्पिटलला लागली.

आबासाहेब मोकळे झाले. पंधरा दिवसांत त्यांनी मिशा काढल्या, खादीचा झब्बा काढला आणि प्रायोगिक नाटक जाहीर केलं. छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची, त्याचा शेवटचा काळ त्यांनी पाहिलाय, त्यामुळे तालमीला शाळेतलाच वर्ग हवा होता. तो मिळवला. चार मुलं, दोन मुली, छोटी बाकं, फळ्यावर कुणीतरी काढलेला मनोरा. मला बोलावलं होतं. पहिल्या वाचनालाच एक मुलगा उशिरा आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मला नाही जमणार. मालिका लागली. फक्त सहा महिने.’

आबासाहेब उभे राहिले. आवाज खाली घ्या म्हणायला तिथे कोणी नव्हतं. ‘१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी “सीतास्वयंवर” केलं, तेव्हा त्यांनी पर डे विचारला होता?’ खिडकीची तावदानं थरथरली. (भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे पटवर्धन होते, पण अशा वेळी मधे बोलू नये.) मुलं भारावून ऐकत होती. मुलगा मान खाली घालून, अंगठ्याने फरशी उकरत. आबासाहेब थांबले. पॉज उत्तम होता.

‘कुठलं चॅनेल?’ त्यांनी विचारलं.

त्याने सांगितलं.

‘करार आणलायस?’

मुलाने बॅगेतून कागद काढले. आबासाहेबांनी चष्मा चढवला, नाटकाची संहिता बाकावर पालथी ठेवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. मग वाचन झालं. पहिल्या कलमापासून, एकही स्वल्पविराम न गाळता, ‘किमान दिवस’ आणि ‘नव्वद’ या शब्दांवर योग्य तो जोर देत. पात्राचा मृत्यू झाल्यास, या कलमाशी ते दोनदा थांबले आणि फोटोचं वेगळं लिहून घ्यायला सांगितलं. शेवटच्या पानावर येताना मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सहज चौकशी केली, ‘तुझ्या वडिलांचं काम कोण करतंय? ठरलंय का कुणी?’